न कोरलेले पाणी

पहिला दिवस : एयच्या पलीकडच्या काठावर

आम्स्टरडॅमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या पाठीमागच्या दाराने बाहेर पडले की समोर एय नावाचे रुंद पाणी लागते, आणि ते ओलांडणारी फेरीबोट कोणाकडूनही भाडे घेत नाही. कामावर निघालेल्या सायकलस्वारांच्या गर्दीत भाचा आणि मी त्या बोटीवर चढलो, तेव्हा माझ्या काखेत कागदाची एक लांब गुंडाळी होती. क्लास यान्स फिसर या चित्रकार-प्रकाशकाने १६११ साली काढलेल्या आम्स्टरडॅमच्या नगरदर्शनाची ती प्रत होती. मूळ चित्र तांब्याच्या चार पत्र्यांवरून छापून सलग जोडलेले असून त्याची लांबी मीटरभराहून अधिक आहे. राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या संग्रहातील चित्रे सर्वांसाठी खुली केली असल्यामुळे भाच्याने ती एका छपाईच्या दुकानातून मूळ मापात काढून आणली होती. "मावशी, पलीकडे पोचेपर्यंत उघडू नकोस, वारा घेऊन जाईल," असे त्याने दोनदा बजावले.

पलीकडच्या काठावर एका बाकावर आम्ही तो कागद उलगडला आणि चारही कोपरे दाबून धरून समोरच्या दृश्याशी ताडून पाहिला. ताडण्यासारखे आता थोडेच उरले आहे. १८८९ साली सुरू झालेले रेल्वे स्थानक पाण्यात भर घालून तयार केलेल्या बेटांवर, ८,६८७ लाकडी खांबांच्या आधाराने उभे आहे आणि त्याने शहर व एय यांच्यामध्ये एक कायमची भिंत घातली आहे. त्याच्या छपरामागून डोकावणारे आउडे केर्क या जुन्या चर्चचे शिखर तेवढे आम्हाला ओळखता आले. फिसरच्या चित्रात मात्र शहर आणि पाणी यांच्यामध्ये आडकाठी नाही. वर आकाश, त्याखाली घरांच्या निमुळत्या माथ्यांची आणि मनोऱ्यांची दाट ओळ, तिच्यापुढे डोलकाठ्यांचे रान, आणि मग आपल्या पायांपर्यंत येणारे पाणी.

शहर पाहण्याची ही दिशा फिसरने शोधलेली नव्हती. कोर्नेलिस आंथोनिस याने १५४४ साली बारा लाकडी ठोकळ्यांवर कोरलेल्या विहंगम नकाशातही एय खालच्या कडेला, म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूला आहे, आणि त्यासाठी त्याने दक्षिण दिशा खुशाल वर नेली आहे. पीटर बास्ट याने १५९९ साली कोरलेले नगरदर्शनही एयवरूनच घेतलेले आहे. जमिनीवरून येणाऱ्यांसाठी या शहराला वेशी होत्या, तेथून कालवे आणि कुरणेही दिसत होती. तरीही शहराचा चेहरा काढायचा झाला की चित्रकार पाण्यावर जाऊन उभा राहत असे. माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. आमच्या गावाचा चेहरा कोणता, असे मला कोणी विचारले असते, तर मी बाजारपेठ किंवा देवळाचा कळस सांगितला असता, बंदर सांगितले नसते. आम्स्टरडॅमच्या माणसाला मात्र आपला गाव जहाजावरून येणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला जावा, असे वाटत होते.

चित्रातल्या पाण्यात शहराच्या पुढ्यात लाकडी खुंटांच्या लांबच लांब रांगा दिसतात. त्या बंदराच्या कुंपणासारख्या होत्या. त्यांत ठिकठिकाणी जहाजांसाठी वाटा ठेवलेल्या असत आणि रात्री त्या वाटा तरंगत्या ओंडक्यांनी बंद केल्या जात. जलदुर्गांच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला पाण्याची तटबंदी नवी नाही. पण आपल्याकडे पाण्याने किल्ल्याला वेढलेले असते आणि येथे शहराने पाण्याचाच एक तुकडा वेढून घेतला होता, हा फरक मला तो कागद मांडीवर घेतल्यावर प्रथमच कळला.

चित्राच्या पुढच्या भागात, बरोबर मध्यभागी, आम्स्टरडॅमची नगरकुमारी बसली आहे. तिच्याजवळ तीन तिरप्या फुल्यांचे नगरचिन्ह आहे, आणि दोन्ही बाजूंनी नाना देशांचे लोक आपापला माल घेऊन तिच्याकडे येत आहेत. आपल्याला ग्रामदेवतेची सवय असल्यामुळे पहिल्या नजरेला ही ओटी भरण्याची रांग वाटते. ती तशी नाही. नगरकुमारीची पूजा कोणी करीत नसे, तिला देऊळ नव्हते आणि तिच्याकडे कोणी नवस बोलत नसे. ती शहराच्या मालकीहक्काची मूर्ती होती, आणि तिच्यापुढे येतो तो नजराणा आहे. समुद्र ही तिच्या दाराशी येणारी वाट आहे, एवढेच फिसरला सांगायचे आहे, आणि ते त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले आहे.

आम्ही बसलो होतो त्या काठाचे जुने नाव फोलेवाइक. शहरात देहदंड दिलेल्यांची प्रेते येथे, येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना दिसतील अशी, टांगून ठेवली जात आणि ही प्रथा १७९५ पर्यंत चालू होती. १६६४ साली एल्सये क्रिस्तियान्स नावाच्या अठरा वर्षांच्या डॅनिश मुलीचे प्रेत येथे खांबाला बांधलेले असताना चित्रकार रेम्ब्रांटने येऊन तिची रेखाटने केली. नगरकुमारी चित्रात ज्या बाजूला बसली आहे, साधारण त्याच बाजूला हे खांब उभे होते. शहरात शिरणाऱ्या खलाशाला पाण्यावरून एका हाताला मनोऱ्यांची ओळ दिसत असे आणि दुसऱ्या हाताला शहराचा कायदा. आज तेथे चित्रपटांचे संग्रहालय आहे आणि उन्हात बसून लोक कॉफी पितात. आम्ही कागद गुंडाळला आणि बराच वेळ काही न बोलता परतीच्या बोटीची वाट पाहिली.

दुसरा दिवस : मुद्राचित्रांच्या दालनात

राइक्सम्युझियमच्या मुद्राचित्र विभागात आगाऊ वेळ ठरवून मूळ छपाया पाहता येतात. हात धुऊन, पेन दूर ठेवून, मऊ उतरत्या टेकूवर ठेवलेला चारशे वर्षांपूर्वीचा कागद समोर आला, तेव्हा माझा श्वास अडखळला हे मी कबूल करते. ताम्रपट म्हटले की आपल्याला शिलाहारांची किंवा चालुक्यांची दानपत्रे आठवतात. तेथे पत्रा हीच अंतिम वस्तू असते आणि त्यावरचा शब्द चिरकाल टिकावा हा हेतू असतो. येथे पत्रा हे केवळ साधन आहे. बुरीन नावाच्या कोरणीने तांब्यात चर पाडायचे, किंवा मेणाचा थर ओरखडून उघड्या पडलेल्या रेषा आम्लाकडून खाववून घ्यायच्या. मग शाई चोळून पत्रा पुसून काढायचा, आणि चरांत अडकलेली शाई ओलसर कागदावर दाबाने उचलून घ्यायची. पत्र्याचा जो भाग कोरलेलाच नाही, तो पुसल्यावर स्वच्छ होतो आणि कागदावर पांढरा उतरतो.

ही कृती मला पुस्तकांतून ठाऊक होती, पण तिचा अर्थ त्या दालनात भिंगातून पाहताना उमगला. फिसरचे शहर हजारो रेषांनी भरलेले आहे. खिडक्या, छपरांच्या उतरणी, विटांच्या ओळी, दोरखंड यांनी पत्रा जणू नांगरून काढला आहे. पाणी मात्र मोजक्या आडव्या रेघांचे आहे. जहाजाच्या पोटाखाली थोडी सावली, वल्ह्यापाशी दोनचार तरंग, आणि मधल्या विस्तीर्ण जागेत कारागिराने तांब्याला क्वचितच हात लावला आहे. डच शहराच्या चित्रात पाणी म्हणजे मुख्यतः न कोरलेला पत्रा. ज्या गोष्टीवर शहराचे सगळे वैभव तरंगत होते, ती गोष्ट कागदावर उमटण्यासाठी काहीच करावे लागत नव्हते, हे कळल्यावर मी इतर छपायाही याच नजरेने पाहू लागले.

त्यात राइनीर नोम्स याच्या छोट्या छोट्या मुद्राचित्रांनी मला फार वेळ धरून ठेवले. हा माणूस स्वतः दर्यावर्दी होता. तो चित्रांवर झेमान, म्हणजे खलाशी, अशी सही करीत असे. १६५० च्या दशकात त्याने जहाजांच्या जातींची आणि आम्स्टरडॅमच्या दृश्यांची जी मालिका केली, तिच्यात नगरकुमारी नाही, वरुणदेवाचा रोमन भाऊ म्हणावा असा नेपच्यून नाही, आणि गौरवाची पद्येही नाहीत. जहाज कलते करून त्याच्या तळाला डांबर लावणारे लोक, माल उतरवणाऱ्या होड्या, धक्क्यावरची शिडी एवढेच त्याला पुरते. मागे शहर असते, पण ते पुसट रेषेचे. येथे पाणी प्रतीक राहिलेले नाही, ती कामाची जागा आहे. आणि तरीही ही चित्रे पाहून शहराविषयी जो आदर वाटतो, तो फिसरच्या नजराण्याच्या रांगेने वाटत नाही, असे माझे मत झाले आहे.

त्यानंतर पीटर नोल्पे याची मुद्राचित्रे समोर आली आणि दालनातली हवाच बदलली. १६५१ च्या मार्चमध्ये आलेल्या वादळी भरतीने आम्स्टरडॅमच्या पूर्वेचा सिंट आंथोनिस बांध फुटला आणि अवघ्या बावीस वर्षांपूर्वी, १६२९ साली, उपसून कोरडे केलेले वातरग्राफ्समेर हे खोलगट क्षेत्र पुन्हा पाण्याखाली गेले. नोल्पेने विलेम स्खेलिंक्स याच्या रेखाटनावरून हा प्रसंग केला. येथे पाणी कोरे नाही. ते रेषांनी गच्च भरलेले, वळसे घेणारे, काळे आहे, आणि जमीनच पांढरी पडली आहे. शांत पाणी न कोरता सोडायचे आणि रागावलेले पाणी कोरायचे, हा नियम कोणी लिहून ठेवलेला मला आढळला नाही, पण त्या दिवशी पाहिलेल्या छपायांत तो पुन्हा पुन्हा दिसला. अशी दुर्घटनाचित्रे त्या काळी घरोघर विकत घेतली जात. वैभवाचे चित्र आणि फुटलेल्या बांधाचे चित्र एकाच दुकानात मिळत असावे, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

तिसरा दिवस : दाम चौक

सकाळी पाऊस होता, म्हणून आम्ही उशिरा निघालो आणि सरळ दाम चौकात गेलो. आजचा राजवाडा म्हणजे मूळचे नगरभवन. याकोब फान कांपेन याच्या आराखड्यानुसार १६४८ साली त्याचे काम सुरू झाले आणि १६५५ साली त्याचे उद्घाटन झाले. ते १३,६५९ लाकडी खांबांवर उभे आहे, आणि हा आकडा शाळेतली मुले वर्षाच्या ३६५ दिवसांच्या आधी १ आणि नंतर ९ लावून लक्षात ठेवतात, असे भाच्याच्या मुलीने आम्हाला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. दलदलीत खांब ठोकून त्यावर संगमरवराचा डोंगर उभा करणे, हीच मुळात पाण्याला उद्देशून केलेली घोषणा आहे.

आर्टुस क्वेलिनुस याने या इमारतीच्या दोन्ही माथ्यांवर जी शिल्पे केली, त्यांत फिसरच्या चित्रातली कल्पना दगडात गेलेली दिसते. चौकाकडच्या बाजूला आम्स्टरडॅमची नगरकुमारी मध्यभागी आहे आणि समुद्राचे देव, जलकन्या आणि सागरी प्राणी तिला मानवंदना देत आहेत. मागच्या बाजूला चार खंडे तिच्याकडे आपापली संपत्ती आणतात आणि एय व आम्स्टेल या दोन नद्या पुरुषरूपाने तिच्या पायांशी आहेत. आपल्याकडे गंगा, यमुना, गोदावरी या माता आहेत; येथे नद्या म्हाताऱ्या, दाढीवाल्या बाप्यांच्या रूपात येतात आणि शहर मात्र तरुण स्त्री असते. क्वेलिनुसचा भाऊ ह्युबेर्टुस याने ही सगळी शिल्पे ताम्रपत्रांवर उतरवून प्रसिद्ध केली, त्यामुळे ज्यांनी आम्स्टरडॅम कधी पाहिले नव्हते त्यांच्याही हाती ही नगरकुमारी पोचली.

मागच्या माथ्याखाली मान वर करून मी आशियाला शोधीत बराच वेळ उभी राहिले. आपण तेथे कोठेतरी आहोत, ही जाणीव सुखाची नव्हती. मिरी, सुती कापड, नीळ, दालचिनी ही ज्यांच्या श्रमांतून आणि ज्यांच्या जमिनीतून आली, त्यांना या माथ्यावर देणाऱ्यांची जागा मिळाली आहे. त्यांच्याकडून ते कसे घेतले गेले, हे दगडात कोरण्याजोगे कोणाला वाटले नाही. आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळासाठी डचांनी १६२१ साली केलेली कत्तल हे शिल्प घडण्याच्या तीसेक वर्षे आधीची आहे. कारागिराच्या हाताचे कौतुक माझ्या मनातून गेले नाही, आणि ही टोचणीही गेली नाही.

चौथा दिवस : रेम्ब्रांटचे घर आणि काडाइक

योडेनब्रेस्त्रातवरच्या ज्या घरात रेम्ब्रांट १६३९ पासून १६५८ पर्यंत राहिला, तेथे आज त्याच्या मुद्राचित्रांचे संग्रहालय आहे, आणि वरच्या मजल्यावर एचिंगची, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरची, छपाई प्रत्यक्ष करून दाखवतात. दाबयंत्राचे मोठे चाक फिरते, लोकरीची कापडे बाजूला होतात आणि कागद पत्र्यावरून सोलल्यासारखा वर येतो. त्या क्षणी लक्षात येते की पत्र्यावर डावीकडे जे होते ते कागदावर उजवीकडे गेले आहे. व्यावसायिक नगरदर्शने करणारे लोक यासाठी मूळ चित्रच उलटे कोरीत, कारण गिऱ्हाइकाला आपले शहर सुलटेच हवे असे. रेम्ब्रांटने ती तसदी घेतली नाही. सुमारे १६४० साली त्याने काडाइक नावाच्या बांधावरून आम्स्टरडॅम पाहिले आणि पत्र्यावर जसे दिसले तसे ओरखडले. त्यामुळे ती छपाई आरशातल्या शहराची आहे.

हे मुद्राचित्र एका पोस्टकार्डापेक्षा फार मोठे नाही. त्यात पुढे बांधाकडचे गवत आणि ओलसर जमीन, मग पाण्याची अरुंद पट्टी, आणि क्षितिजावर बारीक रेषेसारखे शहर आहे. चर्चचा मनोरा, माँतेलबान्सतोरेन हा बुरूज, डच ईस्ट इंडिया कंपनीची गोदामे आणि एक पवनचक्की ओळखता येतात. वरचा अर्ध्याहून जास्त कागद केवळ आकाश आहे, आणि ते संपूर्ण कोरे आहे. फिसरने पाणी कोरे ठेवून शहराला पुढे आणले. रेम्ब्रांटने आकाश कोरे ठेवून शहराला लहान केले. त्याच्या चित्रात कोणी कोणापुढे झुकत नाही. तीस वर्षांच्या आत, त्याच शहरात, त्याच साहित्याने केलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. मला तर त्यांच्यासाठीच ही सगळी वाटचाल करावीशी वाटली होती.

दुपारी आम्ही हॉग्त काडाइक या रस्त्यावर गेलो. जुना बांध या रस्त्याच्या पोटात आहे. शहर कधीच त्याच्यावरून पुढे पसरले आहे, त्यामुळे रेम्ब्रांटचे दृश्य तेथून दिसत नाही. भाच्याने फोनवर ते चित्र उलटे फिरवून माझ्यासमोर धरले, आणि घरांच्या फटीतून आम्ही मनोऱ्यांच्या दिशा लावीत राहिलो. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जरासा उंच आहे, हे सायकलवरून उतरून चालल्यावर पायांना कळते. बांधाची तेवढी एकच खूण उरली आहे.

परत येताना एका गोष्टीचा उल्लेख भाच्याने सहज केला आणि मला ती चित्रांइतकीच महत्त्वाची वाटली. या शहराला प्यायला पाणी नव्हते. एयमधून येणारी भरती कालव्यांत मचूळ पाणी भरीत असे, आणि घरोघरचे सांडपाणीही त्यातच जाई; त्यामुळे शतकानुशतके फेख्त नदीचे गोडे पाणी होड्यांतून आणून विकले जाई. हिवाळ्यात कालवे गोठले की घोडे जुंपलेल्या बर्फफोड्या होडीने वाट करून पाणी आणावे लागे. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतले पाणी नळाने शहराच्या वेशीपर्यंत पोचले ते १८५३ साली, आणि तेव्हा ते बादलीला एक सेंट या दराने विकले गेले. ज्या शहराने समुद्रदेवांकडून मानवंदना घेतली, ते शहर चुलीवर ठेवायच्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या नदीवर अवलंबून होते. नगरकुमारीच्या पुढ्यात सगळ्या जगाचा माल येतो. पाण्याची होडी मी त्या नजराण्यात अजून पाहिलेली नाही.

पाचवा दिवस : लायडन, आणि थोडे डेल्फ्ट

लायडनला पाणी शत्रूही नव्हते आणि रस्ताही नव्हता. ते सुटका करणारे सैन्य होते. १५७४ साली स्पॅनिश सैन्याने शहराला वेढा घातला असताना स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता विलेम फान ओरान्ये याच्या सांगण्यावरून दक्षिणेकडचे बांध फोडण्यात आले, शेतेभाते बुडवण्यात आली, आणि वारा फिरून पाणी चढल्यावर सपाट बुडाच्या होड्यांचा ताफा कुरणांवरून वल्हवीत ३ ऑक्टोबरला शहरात पोचला. उपाशी लोकांना हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटण्यात आला. आजही त्या दिवशी शहरात तोच वाटतात. लाकेनहाल संग्रहालयात १५८९ चा, योस्ट यान्स लांकार्ट याने विणलेला एक भव्य पडदा आहे, आणि तो म्हणजे लोकरीत विणलेला नकाशाच आहे. शहर त्यात बेटासारखे दिसते आणि भोवतीच्या मळ्यांवर जहाजे आहेत. या सुटकेची मुद्राचित्रेही अनेक झाली. झाडांच्या शेंड्यांमधून शिडे जाताना पाहून प्रथम चित्रकाराची चूक वाटते. मग कळते की ते अगदी खरे आहे.

डेल्फ्टला आम्ही परतण्यापूर्वी तासभरच थांबलो. हे नावच खणण्याच्या क्रियापदावरून आले आहे, आणि नगरचिन्हातला उभा पट्टा म्हणजे आउडे डेल्फ्ट हा पहिला खणलेला कालवा. गाव आधी आणि पाणी नंतर, हा आपला नेहमीचा क्रम येथे उलटा आहे: आधी चर खणला, मग त्याच्या काठावर गाव झाले. कालव्याच्या काठाने चालताना उनाड पाऊस आला आणि आम्ही गाडी पकडली.

सहावा दिवस : एंकहाउझेन

या गावासाठी मी संपूर्ण दिवस राखून ठेवला होता, आणि त्याचे कारण चित्रकलेइतकेच घरगुती होते. यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा एंकहाउझेनमध्ये वाढलेला तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशपच्या पदरी लेखनिक म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. परत आल्यावर त्याने लिहिलेला प्रवासग्रंथ १५९६ साली आम्स्टरडॅममध्ये कोर्नेलिस क्लास याने प्रसिद्ध केला, आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेल्या सागरी वाटा त्या लिखाणामुळे डच खलाशांना उघड झाल्या. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या सहा शाखांपैकी एक या लहानशा गावात होती. पुढे १६३७ च्या सुमारास आदिलशाही परवानगीने याच कंपनीने वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे पडके अवशेष लहानपणी मी लांबून पाहिले होते. आत साप आहेत म्हणून आजी जाऊ देत नसे.

स्थानकावरून पाच मिनिटांत बंदर येते. द्रोमेदारिस हा १५४० सालचा गोल बुरूज बंदराच्या तोंडाशी उभा आहे. गावाच्या नगरचिन्हात तीन हेरिंग मासे आहेत आणि ते येथे दारांवर, पुलांवर, कचऱ्याच्या डब्यांवरसुद्धा भेटतात. आम्स्टरडॅमच्या चिन्हात फुल्या आहेत, पण त्या शहराच्या जुन्या शिक्क्यावर जहाज होते, आणि त्यात दोन माणसे व एक कुत्रा होता. एंकहाउझेनने आपल्या चिन्हात जहाजाऐवजी जहाजात भरायचा मासा ठेवला, हे मला फार प्रामाणिक वाटले.

बुरुजाजवळच्या धक्क्यावर बसून मी घरून आणलेल्या दोन प्रती काढल्या. लिन्सखोतेनच्या ग्रंथातली चित्रे त्याच्या स्वतःच्या रेखाटनांवरून फान दोतेकुम या कोरक्या घराण्याने ताम्रपत्रांवर उतरवली. पहिल्या प्रतीत गोव्याचा आराखडा आहे: चर्चे, घरे, गल्ल्या आणि मांडवीच्या पात्रात गर्दी केलेली जहाजे. दुसऱ्या प्रतीत गोव्याचा मोठा बाजाररस्ता आहे, आणि त्यात छत्र्या धरलेले नोकर, पालख्या, घोड्यावरचे फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, आणि लिलावात विकली जाणारी माणसे एकाच रस्त्यावर आहेत. लिन्सखोतेनने हे लपवले नाही, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. या ग्रंथात गोव्याकडच्या कुणब्यांची, ब्राह्मणांची, होडीवाल्यांचीही चित्रे आहेत. होड्या थोड्या विचित्र आहेत, माणसांचे अवयव युरोपातल्या पुतळ्यांसारखे पीळदार आहेत. पण एका होडीवाल्याच्या डोक्याला गुंडाळलेले फडके मी ओळखले.

गोव्याच्या आराखड्यावर मी भिंग फिरवले. फान दोतेकुमांनी मांडवी कधी पाहिली नव्हती. तरीही ती त्यांनी तशीच केली आहे, जशी एय करतात: जहाजांच्या पोटाशी थोडी सावली, तुरळक आडव्या रेघा, आणि बाकीचा पत्रा कोरा. पावसाळ्यात गढूळ होऊन दोन्ही काठ खाणारी आमच्याकडची नदी त्या कागदावर डच बंदराच्या शांत पाण्यासारखी पांढरीशुभ्र पडली आहे. हा कागद छापला गेला त्या वेळी एंकहाउझेनच्या लोकांनी मांडवीकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, ते मला त्या कोऱ्या जागेत स्पष्ट दिसले. ती त्यांना ओळखीची, पोचण्याजोगी, रिकामी वाट वाटली असणार. तेथून वेंगुर्ल्याची वखार फक्त चाळीसेक वर्षे दूर होती.

समोरचे पाणी मात्र आता समुद्राचे नाही. १९३२ साली आफ्स्लाउटडाइक हा प्रचंड बांध पूर्ण झाला, झाउडरझे हा उपसागर उत्तर समुद्रापासून तुटला आणि नद्यांच्या पाण्याने भरत हळूहळू गोड्या पाण्याचे सरोवर झाला. ज्या वाटेने लिन्सखोतेन घरी आला आणि कंपनीची जहाजे बाहेर पडली, ती वाट बंद होऊन आज तेथून पिण्याचे पाणी घेतले जाते. जवळच्या आंडाइक गावी त्याचे शुद्धीकरण केंद्र आहे. भाच्याने मला हे सांगितले आणि माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहून धक्क्याच्या पायऱ्या उतरून ओंजळ बुडवली. मीही खाली गेले. दोन्ही कागद काखेत धरून मी बोट ओले केले आणि जिभेला लावले. मिठाचा मागमूस नव्हता.